इग्निशन टायमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी)

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कार्ब्युरेटरच्या मारुती ८००, ओम्नी, एखादी पद्मिनी, लग्नसराईपुरती बाहेर निघणारी ॲम्बॅसेडर अजून चालतात. त्यांच्या मालकांकडून आणि तालुक्याच्या गॅरेजात काम शिकणाऱ्या पोरांकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी ते आपल्या बोलीत विचारले, त्यांचे तसेच ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: गाडीनं कुरकुर केली की लोकांचा पहिला हात डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला) जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा.

१. इग्निशन टायमिंग म्हणजे नेमकं काय?

पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबत वर येतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. पण मिश्रण एका झटक्यात जळून संपत नाही, त्याला साधारण दोनेक मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी, ते क्रँकशाफ्टच्या (पिस्टनखालच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) अंशांत मोजतात. 'टीडीसीच्या आधी ८ अंश' असं लिहिलेलं असतं, त्यातला टीडीसी म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा.

१००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ६० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांत तो १२ अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात ३६ अंश. हिशेब ढोबळ आहे, कारण वेग वाढला की मिश्रण जास्त ढवळलं जातं आणि जरा लवकरही जळतं. तरी मुद्दा तोच: वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. हलक्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि हळू जळतं, तेव्हा बाजूची व्हॅक्यूमची डबी आणखी थोडी भर घालते. आपण हातानं लावतो ती फक्त सुरुवातीची जागा. पुढचं सगळं तिच्यावर चढत जातं, त्यामुळे सुरुवात चुकली की प्रत्येक वेगाला चूक.

२. टायमिंग बेल्ट आणि हे टायमिंग एकच का?

नाही. टायमिंग बेल्ट किंवा चेन क्रँक आणि कॅम यांचा मेळ ठेवते, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवते. इग्निशन टायमिंग ठिणगी कधी पडायची ते ठरवतं. मात्र डिस्ट्रिब्युटर कॅमच्या जोरावर फिरत असेल आणि बेल्ट एक दात सरकला असेल, तर दोन्ही बिघडतात. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर येते, व्हॉल्व्ह तसेच चुकलेले राहतात, आणि गाडी 'चालते पण उचलत नाही'.

३. माझ्या गाडीचं टायमिंग हातानं लावता येतं का, हे कसं ओळखू?

बॉनेट उघडा. जाड काळ्या वायरींचा झुपका एका गोल टोपीतून निघून प्लगांकडे जात असेल, कॉइलची एक वायर त्याच टोपीच्या मधोमध येत असेल आणि गाडी कार्ब्युरेटरची असेल, तर येतं. ती टोपी म्हणजे डिस्ट्रिब्युटर कॅप. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे बहुधा फिरवायला काही नसतंच, आणि काही मॉडेलांत डिस्ट्रिब्युटर दिसला तरी कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीशिवाय त्याला हात लावू नये.

४. डिझेल गाडीचं आन् ट्रॅक्टरचं टायमिंग बी असंच लावा लागते का?

नाही. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. तिथे टायमिंग असतं ते इंजेक्शन पंपाचं, म्हणजे डिझेल कधी फवारायचं त्याचं. ते वेगळं काम आहे, वेगळ्या हत्यारांनी होतं. इथली कुठलीही कृती ट्रॅक्टरवर करून बघू नका.

५. ॲडव्हान्स जास्त की रिटार्ड जास्त, ओळखायचं कसं?

ॲडव्हान्स जास्त म्हणजे ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडते. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा कडकड आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. गरम इंजिनाला स्टार्टर दिला तर तो मध्येच अडतो, उलटा धक्का बसल्यासारखा. असंच चालवत राहिलं तर पिस्टनचा माथा जळतो.

रिटार्ड जास्त म्हणजे ठिणगी उशिरा. आवाज काही नसतो, म्हणून हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. गाडी मेल्यासारखी चालते, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सरमध्ये मधूनच फटाका फुटतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भयंकर तापतो. इंजिन गरम होण्याचं कारण दोन्ही बाजूंना सापडतं, तेव्हा नुसत्या तापमानाच्या काट्यावरून निवाडा करू नका.

६. टायमिंगला हात लावायच्या आधी काय काय पाहायचं?

सगळ्यात आधी पॉइंटचा गॅप. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे संपर्क. ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटची गाडी असेल तर गॅप आणि टायमिंग एकमेकांना बांधलेले असतात. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं. आधी टायमिंग लावून मग गॅप लावला तर केलेलं काम वाया गेलं. गॅप गाडीगणिक वेगळा असतो, बहुतेक ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान. तो फीलर गेजनंच (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा. ब्लेडचं पातं घालून अंदाज घेणारे खूप आहेत, पण पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा तयार झाला असेल तर पातं काय, फीलर गेजही फसवतं. असे पॉइंट बदला, आणि सोबत कंडेन्सरही बदला, कारण पॉइंट जळण्यामागे बऱ्याचदा तोच असतो.

त्यानंतर प्लग, कॅपच्या आतल्या बाजूची भेग, रोटरचं (कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याचं) टोक, एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कार्ब्युरेटरचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग. एअर फिल्टर विशेष करून. आपल्याकडे पांदण रस्त्यानं शेतात जाणारी गाडी एका हंगामात जेवढी धूळ खाते, तेवढी शहरातली गाडी दोन वर्षांत खात नसेल.

७. टायमिंग लाइटनं कसं लावायचं? सुरुवातीपासून सांगा.

टायमिंग लाइट म्हणजे एक नंबरच्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. इंजिन चालवून पूर्ण गरम करा. मग बंद करून टायमिंगची खूण शोधा. काही गाड्यांत ती क्रँकच्या पुलीवर असते आणि शेजारी अंशांची पट्टी असते. काहींत गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबरी बूच काढलं की छोट्या खिडकीतून फ्लायव्हीलवर दिसते. खूण तेलानं आणि मातीनं बुजलेली असणारच. पेट्रोलच्या फडक्यानं पुसून तिच्यावर पांढऱ्या रंगाची किंवा खडूची बारीक रेघ ओढा. जाड रेघ ओढली तर तिच्यातच दोन अंश हरवतात.

डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि ती जिथे बसते तो भाग यांवर मिळून एक ओरखडा काढा. काही बिनसलं तर निदान होतं तिथे परत येता येईल.

लाइटच्या दोन क्लिपा बॅटरीला आणि तिसरी एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावा. एक नंबर म्हणजे सहसा क्रँक पुलीच्या बाजूचा सिलिंडर. व्हॅक्यूमची नळी डबीकडून काढा आणि इंजिनाकडचं तिचं तोंड बोल्ट खुपसून बंद करा. उघडी ठेवली तर तिथून हवा ओढली जाऊन स्लो बिघडतो. काही गाड्यांत नळी न काढताच टायमिंग पाहायला सांगितलेलं असतं, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा. स्लो सांगितलेल्या आरपीएमवर आणा. स्लो वाढलेला असेल तर वजनं आधीच उघडायला लागतात आणि लाइट खोटं सांगतो.

आता लाइट खुणेवर मारा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट बॉडी जेमतेम हलेल एवढाच सैल करा. बॉडी रोटरच्या उलट दिशेनं फिरवली की ॲडव्हान्स, रोटरच्या दिशेनं फिरवली की रिटार्ड. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे बॉडी एक अंश हलली की क्रँकवर दोन अंश पडतात. सात सेंटिमीटर व्यासाच्या बॉडीला क्रँकचे ४ अंश म्हणजे कडेला जेमतेम सव्वा मिलिमीटर. नखाच्या जाडीनं सरकवायचं काम आहे, पकडीनं पिळायचं नाही. बोल्ट आवळा आणि पुन्हा लाइट मारा, कारण आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते.

शेवटी लाइट खुणेवर ठेवूनच हळूहळू रेस वाढवा. खूण ॲडव्हान्सकडे गुळगुळीत सरकत जायला हवी. नळी परत लावायला विसरू नका.

एक धोका सांगायलाच हवा. लाइटच्या उजेडात फिरती पुली आणि फिरता पंखा जागच्या जागी थांबलेले दिसतात. ते थांबलेले नसतात. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर करा. विजेचा पंखा असेल तर तो मध्येच आपोआप सुरू होतो हेही ध्यानात असू द्या.

८. नेमके किती अंश ठेवू?

बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतील तेवढेच. या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत स्लोला टीडीसीच्या आधी ५ ते १० अंशांच्या आसपास आकडा असतो, पण 'आसपास' हा काही आकडा नव्हे. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका, मॉडेल तेच असलं तरी. एकाच मॉडेलात पॉइंटची आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही इग्निशन येऊन गेलेली असू शकतात.

९. माह्यापाशी टायमिंग लाइट नाई. बल्बवर जमते का?

पॉइंटची गाडी असेल तर चांगलं जमतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर ही पद्धत वापरू नका.

१२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हातानं, नेहमीच्या दिशेनं फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली म्हणजे कॉम्प्रेशनचा फेरा आला. सांगितलेल्या अंशाच्या खुणेशी येऊन थांबा. खूण ओलांडली तर थोडं उलटं येऊन भागत नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेनंच खुणेवर या, नाहीतर गिअर आणि चेनमधला ढिलेपणा आकड्यात मिसळतो.

बल्बची एक वायर कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते त्या टोकाला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावा. चावी ऑन करा. पॉइंट मिटलेले असले की बल्ब विझलेला असतो, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेनं बल्ब विझेपर्यंत फिरवा, मग उलट दिशेनं हळूच आणा. बल्ब पेटेल तिथेच थांबून बोल्ट आवळा. हे सगळं भराभर करायचं. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

या पद्धतीनं वजनांचा आणि व्हॅक्यूमचा तपास होत नाही. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

१०. आमचा मिस्त्री कानानंच लावते. ते चुकीचं हाय का?

अनुभवी मिस्त्री कानानं जवळपास पोचतो, यात शंका नाही. अडचण अशी की स्लोवर ॲडव्हान्स वाढवत नेला की बहुतेक इंजिनं आणखी जोरात आणि गुळगुळीत चालतात. नुसत्या कानावर गेलं तर हात ॲडव्हान्सकडेच झुकतो. गॅरेजसमोर गाडी छान वाटते आणि घाटात कडकडते. कानानं लावलं असेल तर रस्त्यावर पारख करा: सपाट रस्ता, गरम इंजिन, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तीसेक किलोमीटरच्या वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर पुसटसा आवाज येऊन थांबला तर चालण्यासारखं आहे. आवाज टिकून राहिला तर रिटार्ड करा.

११. उन्हाळ्यात भरल्या गाडीनं चढ चढलो की कडकड होते. हिवाळ्यात नाई होत. टायमिंग मागे घेऊ का?

हा प्रश्न मार्च लागला की सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत थांबत नाही.

नॉकिंग म्हणजे ठिणगीनं पेटवलेली ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटणं. आत येणारी हवा जितकी गरम, तितकं ते सोपं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यात परतवाड्याहून निघून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला सहा माणसं घेऊन वर चढायचं म्हटलं, तर सगळी कारणं एकदमच जमतात.

पण टायमिंग मागे घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. पहिली, गिअर. खालचा गिअर टाकायचा आळस हे नॉकिंगचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्याला पाना लागत नाही. दुसरी, रेडिएटर. जिनिंगच्या रस्त्यानं येणं-जाणं असेल तर जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमदा बसलेला असतो. आतल्या बाजूनं बाहेर पाणी मारून तो काढा. तिसरी, पेट्रोल. गावच्या दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल किती दिवसांचं आहे आणि त्यात काय मिसळलं आहे, ते विकणाराही सांगू शकत नाही. रॉकेलचा ऑक्टेन (नॉकिंग टाळायची ताकद) फार कमी असतो, थोडी भेसळसुद्धा नॉकिंगला पुरते.

हे सगळं ठीक असूनही आवाज आला तर सांगितलेल्या आकड्यापासून २ अंश मागे घ्या. त्याहून जास्त नको, कारण मग प्रश्न ५ मधला रिटार्डचा ताप सुरू होतो, आणि तोही भर उन्हाळ्यात. पावसाळ्यात पुन्हा मूळ आकड्यावर आणा. काही जुन्या डिस्ट्रिब्युटरांवर यासाठीच बारीक आट्यांची घुंडी असते. ती असेल तर बोल्ट सैल करायचीही गरज नाही.

१२. ई-२० पेट्रोल आलं, आता टायमिंग बदलायचं का?

टायमिंग नाही. ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंगची शक्यता उलट कमी होते. म्हणून ॲडव्हान्स वाढवून 'फायदा' घ्यायचा मोह होतो, पण बाटलीतलं पेट्रोल एकदा भरलं की तोच महागात पडेल.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ई-२० चा त्रास वेगळ्या जागी आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं तेच जेट मिश्रण पातळ करतात, आणि रबरी नळ्या, डायफ्राम, वॉशर फुगतात किंवा तडकतात. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या गाडीत अर्धी टाकी ठेवू नका. गाडी मिसिंग करू लागली तर आधी पेट्रोलच्या नळ्या हातानं दाबून बघा.

१३. गॅस किट बसवली आहे. दोन्हीवर चालेल असं टायमिंग कोणतं?

एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे गॅसवर थोडा जास्त ॲडव्हान्स सोसतो आणि पिकअपही सुधारतो. सीएनजी हळू जळतो, त्याला तर जास्त ॲडव्हान्स हवाच असतो. पण डिस्ट्रिब्युटर एकच. गाडी अधूनमधून पेट्रोलवर चालवणार असाल तर पेट्रोलची मर्यादा पाळा आणि गॅसवरचं थोडं नुकसान सोसा. दोन्ही हवं असेल तर इंधनाप्रमाणे वेळ बदलणारा ॲडव्हान्स प्रोसेसर मिळतो.

घरगुती सिलिंडर व्हॅनमध्ये ठेवून चालवणाऱ्यांनी टायमिंग विचारू नये. ते बेकायदेशीर आहे, आणि त्यात शाळेची पोरं बसतात.

१४. डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवला. आता गाडी चालू होत नाही, कार्ब्युरेटरमधून फटाके निघतात.

बहुतेक रोटर बरोबर उलट, १८० अंशांवर बसला आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते, म्हणून खूण पाहून बसवलं तरी चूक होते. प्रश्न ९ मधली अंगठ्याची युक्ती वापरून कॉम्प्रेशनचा फेरा शोधा. मग रोटर कॅपवरच्या एक नंबरच्या वायरीकडे बोट दाखवेल असा बसवा.

तरी जमलं नाही तर वायरींचा क्रम बघा. मारुती ८०० आणि ओम्नीच्या तीन सिलिंडरांना १-३-२, ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या चार सिलिंडरांना १-३-४-२. क्रम रोटर फिरतो त्या दिशेनं मोजायचा.

१५. लाइटमध्ये खूण एका जागी थांबतच नाही, नाचते. किंवा रेस दिली तरी हलत नाही.

नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला आहे किंवा टायमिंग चेन ढिली झाली आहे. कॅप काढून रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. खट्खट् लागला तर बुश गेला. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावण्यात अर्थ नाही, पॉइंटचा गॅपच दर फेऱ्याला बदलत असतो.

रेस देऊनही खूण हलत नसेल तर खालची वजनं गंजून जाम झाली आहेत. रोटर हातानं थोडा पिळून सोडा, तो स्प्रिंगनं झटकन परत यायला हवा. रेस सोडल्यावर खूण ॲडव्हान्सलाच अडकून राहिली तर स्प्रिंग सैल किंवा तुटलेली आहे. व्हॅक्यूमच्या डबीची नळी तोंडानं ओढून जीभ लावा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. परत येत असेल तर डायफ्राम फाटला आहे.

१६. सगळं आकड्याप्रमाणे लावलं, तरी गाडी आजारीच. असं कसं?

कधी कधी खूणच खोटी असते. ज्या पुलीत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, त्यात जुनं रबर सुटून कडं सरकतं आणि खूणही त्याच्याबरोबर सरकते. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून स्ट्रॉसारखं हलकं काहीतरी सोडा, इंजिन हातानं फिरवा आणि पिस्टन सगळ्यात वर असताना शून्याची खूण जुळते का बघा. भोक तिरपं असेल तर कडक वस्तू घालू नका, आत अडकली तर हेड उतरवावं लागेल. खूण ठीक निघाली तर प्रश्न २ मधला बेल्टचा दात तपासा.

१७. चावी काढली तरी इंजिन धडधडतच राहाते. काहून?

ठिणगी बंद झाल्यावरही मिश्रण लालबुंद कार्बनवर किंवा चुकीच्या प्लगच्या टोकावर पेटत राहतं. स्लो वाढलेला असेल तर जास्तच. आधी स्लो कमी करा, प्लगवर छापलेला नंबर (तो किती उष्णता सोसणारा आहे ते सांगणारा) तपासा, कार्ब्युरेटरवरचा पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड चालतो का ते बघा. टायमिंगचा नंबर त्यानंतर.

१८. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकावी का? मग टायमिंग परत लावायचं का?

टाकायला हरकत नाही. टाच झिजून टायमिंग मागे जाण्याची कटकट संपते. टायमिंग मात्र लाइटनं नव्यानं लावावंच लागतं, कारण ठिणगीचा क्षण आता सेन्सर ठरवतो आणि तो जुन्या पॉइंटच्या जागेशी जुळेलच असं नाही. किटला कोणत्या रोधाची कॉइल चालते ते पाकिटावर वाचा. चुकीच्या कॉइलवर मॉड्युल तापून जातो. पॉइंट जाण्याआधी मिसिंग करून खबर देतात, मॉड्युल जातो तेव्हा गाडी जागेवर बंद. काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि एक फीलर गेज फडक्यात बांधून डिकीत ठेवा. मेळघाटात रात्री तालुक्याचं दुकान उघडं नसतं.